दवाखान्याच्या ओसरीतलं लुगडं

देवाचं वचन ऐकताना काहींना झोप येते. मला त्या दिवसांत राग यायचा. पास्टर सांगत होते की विश्वासणाऱ्यानं दया, सौम्यता, लीनता, सहनशीलता रोज वस्त्रासारखी अंगावर घालावी. सगळ्यांबरोबर मीही आमेन म्हटलं. मनात मात्र म्हणत होते, पास्टर, एकदा सकाळी मेडशीला आमच्या घरी या, माझ्या सासूला कपडे घालून दाखवा, मग बोलू.

सासूबाईंना आम्ही सगळे माय म्हणतो. मी लग्न होऊन आले तेव्हा मला प्रार्थना करायला तिनंच शिकवलं आणि वरणाला फोडणी द्यायलाही तिनंच, त्यामुळे दोन्हींत मी अजून तिच्याच चुका करते. दिवाळीनंतर तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळायला लागले. जन्मभर नऊवारी लुगड्यात वावरलेली बाई. पण ते लुगडं मला कुठलं नेसवता येतंय? मी मालेगावच्या बाजारातून दोन मॅक्स्या आणल्या आणि प्रश्न मिटला असं धरून चालले.

प्रश्न मिटला नव्हता. मी मॅक्सी घेऊन जवळ गेले की माय अंग लाकडासारखं ताठ करायची. मी ओढायचे, ती आखडायची. "माय, हात ढिल्ला सोडा ना वो!" हे माझं ओरडणं गल्लीला पाठ झालं होतं. तिनं ओट्यावर बसणं सोडलं, प्रार्थनेला येणं सोडलं. "देवापुढं मॅक्सीत जाऊ काय?" एवढंच म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. भाकरीचा घासही कमी होत गेला. शेवटी तिनं फोनवर लेकीला सांगितलं, "मले आसेगावले घेऊन जाय." नणंदबाई म्हणाल्या, रविवारी गाडी घेऊन येते.

खरं सांगते, ऐकल्यावर क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. मग गॅसपुढे उभी राहून मी खूप रडले. आई लेकीकडे जाते यात वाईट काही नाही. पण माय लेकीच्या ओढीनं जात नव्हती, माझ्या हातांना कंटाळून जात होती. ज्या घरात तिनं मला सांभाळून घेतलं त्या घरातून ती अशी निघणार होती. मी म्हटलं, प्रभू, मला नाही जमत. मी करून पाहिलं, आता तूच बघ. एवढीच प्रार्थना झाली.

त्याच आठवड्यात मायला व्यायामासाठी वाशीमला न्यायचं होतं. दवाखान्याच्या ओसरीत आम्ही नंबर लागायची वाट बघत बसलो. समोरच्या बाकावर केनवडचं एक म्हातारं जोडपं होतं. बाईचीही एक बाजू गेलेली, पण अंगावर हिरवं लुगडं कसं चापूनचोपून! मला राहवलं नाही. विचारलं, "बाबा, यांना कोण नेसवून देतं?"

"मीच," बाबा म्हणाले. "अन् दुसरं कोन हाये? पोरं पुन्याले."

मी माझं रडगाणं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पयले इचारा लागते बाई. आता गाठ मारू काय, आता कूस वळवू काय. न इचारता हात लावला का आंग आखडून घेते मानूस. मले बी लय दिवस समजलं नाई." आणि लगेच पिशवीतून बायकोचं दुसरं लुगडं काढून उभे राहिले. "पाय, असं."

मला वाटलं हातात धरून दाखवतील. त्यांनी ते सरळ आपल्याच धोतरावरून गुंडाळायला सुरुवात केली. कमरेला गाठ, मग निऱ्या, मग कासोटा. ओसरीतली माणसं बघायला लागली, कोणी फिदीफिदी हसलं. मी लाजून चूर. म्हटलं, "राहू द्या बाबा, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. रोज इले नेसवतो तं एक दिवस मी नेसलो, त्यात का बिघडलं?"

त्यांची बायको बाकावरून बोट दाखवून अडखळत म्हणाली, "वाकडं... निऱ्या वाकड्या." बाबांनी मुकाट्यानं निऱ्या सोडल्या आणि पुन्हा घातल्या. "आता बरोबर काय?" तिनं मान हलवली. मग त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, पांढऱ्या मिशांवरून!

माझ्या शेजारून एक आवाज आला. आधी वाटलं मायला ठसका लागला. बघते तर माय हसत होती. वाकड्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लकवा झाल्यापासून ते हसू मी पाहिलं नव्हतं, आणि आता ते गेलंच असं धरून बसले होते.

आमचा नंबर पुकारला. बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता. त्यांचं नावही मी विचारलं नाही. त्यांना देवानंच धाडलं असं मला वाटलं, पण ते मी कुणाला पटवून देत बसत नाही. मात्र पास्टरांच्या तोंडून मी जे इतकी वर्षं ऐकत होते ते कुणीतरी अंगावर घालून माझ्यासमोर उभं राहिलं होतं, आणि त्यात ओढाताण कुठंच नव्हती.

रविवारी सकाळी मी मायचं पांढरं लुगडं काढलं. "माय, नेसवू काय?" तिनं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. गाठ मारू काय, विचारलं. कूस वळवू काय, विचारलं. अंग मऊ होतं. निऱ्या तीनदा सुटल्या, तिनं मला तीनदा बोल लावले, आणि मला राग आला नाही. मी तो गिळला असंही नाही, तो आलाच नाही. जे मी दात-ओठ खाऊन मिळवू पाहत होते ते हात टेकल्यावर मिळालं होतं. माझ्यात तेवढं कापड नव्हतंच, ते प्रभूनं आपलं दिलं.

प्रार्थनेला आम्ही उशिरा पोचलो. घरी परतलो तर नणंदबाईंची गाडी दारात उभी. त्यांनी मायची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "चाल माय, निंगू."

माय ओट्यावर बसली आणि हललीच नाही. माझ्याकडे बोट करून, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मी... नाई येत. इले अजून... कासोटा धड घालता येत नाई. ते शिकल्यावर पाहू."

देवा, तुझे उपकार कसे फेडू? मला तो कासोटा अजून धड येत नाही.