बैलाच्या मापाचं औषध

तो गेला तो मंगळवार होता. तुर्भ्याच्या बाजारात त्याने कांद्याची गोणी उतरवली, खाली बसला आणि उठला नाही.

माझ्या बायकोचा हा एकुलता एक भाऊ. स्वतःच्या शरीरावर इतकं प्रेम करणारा माणूस उभ्या नवी मुंबईत दुसरा नसेल. रविवारी कोपरखैरण्याला आमच्याकडे आला की चपला काढण्याआधी शर्ट काढायचा आणि कपाटाच्या आरशासमोर उभा राहायचा. बायको ओरडायची, "कपडे घाल, समोरची बघतीय!" तो दंड फुगवत म्हणायचा, "बघू दे की ताई, तिकीट थोडंच हाय?" मग बारा अंडी उकडून घ्यायचा, पांढरं स्वतः खायचा आणि पिवळं माझ्या ताटात टाकायचा. "दाजी, तुमी वाचणारी माणसं, तुमाला चरबी पायजे." व्यायाम तो करायचा, वजन माझं वाढायचं.

गोण्या वाहून ताकद होतीच. पण गणपतीतल्या शरीरसौष्ठव स्पर्धेला आकार लागतो, असं त्याला व्यायामशाळेत कळलं. तिथे काहीजण इंजेक्शनं घेत. याने साताऱ्याहून, शर्यतीचे बैल सांभाळणाऱ्या मामाकडून बाटली आणली. खोक्यावरचं इंग्रजी माझ्याकडून वाचून घेतलं.

"फक्त जनावरांसाठी," मी म्हणालो.

"मग हमाल कोण हाय, दाजी?"

तो हसला. मीही हसलो, याचा मला अजून राग येतो. किती घ्यायचं हे त्याने बाजारातल्या गोण्यांच्या काट्यावर उभं राहून ठरवलं. "बैल चारशे किलो, मी ऐंशी. पाचवा हिस्सा. सोप्पं हाय!"

दंड खरोखर वाढले. पाठभर पुटकुळ्या आल्या, घोटे सुजले, एकदा जेवताना नाकातून रक्त आलं. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्तदाब मोजला, यंत्राकडे संशयाने पाहिलं आणि पुन्हा मोजला. "आजपासून बंद. हृदय वाढतंय तुझं."

बाहेर येऊन हा मला म्हणतो, "ऐकलंत? आतनंबी वाढतंय!" मी हसलो नाही, तेव्हा त्याने शपथ घेतली, "ताईची आण, स्पर्धा झाली की बंद."

तो तिसरा आला. पहिल्या दोघांचे दंड पाहिले आणि शपथ पुढच्या वर्षावर गेली. मला बोलण्यापेक्षा लिहिणं जमतं, म्हणून मी त्याला दोन पानी पत्र लिहिलं. पुढच्या रविवारी म्हणाला, "अक्षर झकास हाय, दाजी."

भाऊबीजेला आता माझी बायको चंद्राला ओवाळते.