विंचची लाल रेघ

ब्रिटिश फौजेच्या वेल्समधल्या सराव छावणीत मी वर्कशॉपमध्ये कॉर्पोरल होतो. माझ्याकडे रिकव्हरी ट्रक होता, म्हणजे चिखलात रुतलेल्या गाड्या विंचने, ड्रमवर तारेचा दोर गुंडाळत, ओढून काढणारी गाडी. जोडीदार लान्स कॉर्पोरल सेरू, फिजीचा. अंगाने दरवाजाएवढा, बोलायला मवाळ. मला तो ‘दादा’ म्हणायचा. माझ्या आईने फोनवर शिकवलं होतं.

विंचच्या गिअरबॉक्सवर सेन्सर बसवले होते. थरथर किती, तापमान किती, ते स्क्रीनवर दिसायचं. आकडा लाल रेघेच्या वर गेला की गाडी उभी करायची आणि बेअरिंग उघडून बघायचं. मशिन मोडायच्या आधी सांगतं. ऐकणारा हवा.

सोमवारी आकड्याने रेघ ओलांडली. मी गाडी उभी केली. आमच्या कॅप्टनला ते रुचलं नाही. गुरुवारी ब्रिगेडियर पाहणीला येणार होते, आणि पाहणीच्या दिवशी वर्कशॉपच्या बोर्डावर प्रत्येक गाडी हिरवी, म्हणजे चालू, दिसली पाहिजे हा आमच्याकडचा जुना रिवाज. नवीन बेअरिंग यायला आठवडा लागला असता. कॅप्टनने लॅपटॉप पुढे ओढला आणि लाल रेघच वर सरकवली.

“जस्ट फॉर द वीक, कॉर्पोरल.”

मी म्हणालो, “सर, याने ताप उतरत नाही. आपण फक्त थर्मामीटर बदलला.”

“दॅट विल बी ऑल.”

बोर्ड हिरवा झाला. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची अक्कल ती. मी सार्जंट मेजरकडे गेलो. कॅप्टनचा हुकूम आहे, एवढंच त्याने सांगितलं.

बुधवारी दुपारी एक लॉरी उतारावर रुतली. आम्हाला जायचा हुकूम आला. विंचचा लिव्हर माझ्या हातात होता. लॉरी अर्ध्यावर आली की ओढणं थांबवायचं आणि चाकांमागे लाकडी ठोकळे लावायचे, अशी पद्धत. सेरू ठोकळे घेऊन खाली गेला. तेवढ्यात गिअरबॉक्समध्ये काहीतरी फुटलं. ड्रम मोकळा फिरू लागला, ब्रेक धरेना, लॉरी मागे सुटली. मी ओरडलो. सेरूने वर पाहिलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना दगडी बांध होते. त्याला हटायला जागा नव्हती.

मी रेडिओ उचलून कंट्रोल रूमला हाक दिली. “झीरो, धिस इज रोमिओ टू. नो डफ. वन कॅज्युअल्टी.” सरावात ‘नो डफ’ म्हणजे हे खोटं खोटं नाही, खरंच घडलंय.

“रोमिओ टू, कन्फर्म नो डफ?”

“कन्फर्म.”

हेलिकॉप्टर आलं तोवर सेरू गेला होता.

चौकशीत ठरलं की यंत्र अचानक निकामी झालं. अचानक? सोमवारपासून ते बोंबलत होतं. त्याचं तोंड दाबणारे कॅप्टनसाहेब बढती घेऊन दुसरीकडे गेले. मला त्यांचा आजही राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही.

फौज सोडून मी लंडनजवळ स्लाऊला आलो. इथे एका वेअरहाऊसमध्ये मेंटेनन्स बघतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. कसला शहाणा! ख्रिसमसच्या गर्दीत, तसेच सेन्सर बसवलेल्या आमच्या मालाच्या लिफ्टचा आकडा लाल रेघेवर चढला. स्क्रीन सांभाळणारा अनिकेत पुण्याचा, रीडिंग गावाहून येतो. हुशार आहे, मनानेही चांगला. तो म्हणाला, “काका, फॉल्स अलार्म वाटतोय. लिमिट थोडी वाढवू का? फक्त या वीकेंडपुरती.”

माझं डोकं भडकलं. मी लिफ्ट बंद केली आणि त्याला दंडाला धरून खाली नेलं. लिफ्टच्या तोंडाशी दोन बायका खोकी लावत होत्या. त्यांच्यासमोरच त्याला सेरूची हकिगत सांगितली. संध्याकाळी बेअरिंग उघडलं, तर आतलं कडं तडकलेलं, एक तुकडा सुटलेला. तो तुकडा अनिकेतच्या हातावर ठेवला.

आता आकडा चढला की अनिकेत लिमिटचं नाव काढत नाही. आधी फोन करून विचारतो, “काका, खाली कोण आहे?”

वेल्समध्ये एवढंच कोणीतरी विचारायला हवं होतं. खाली सेरू होता.