आतलं दार

जनावरं पकडणाऱ्या गाडीवर कुणी हौसेने येत नाही. ड्रायव्हर आधी शाळेची बस चालवायचा. पोरांपेक्षा कुत्री शहाणी, असं त्याचं ठाम मत. आणि सिस्टर वीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती. नोकरी बदलली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

"कण्हणं खरं किती नि सोंग किती, हे ओळखण्यात जन्म गेला," ती म्हणायची. "जनावर खोटं बोलत नाही."

या कामात एक शिस्त असते. घरात शिरलं की आधी आतली दारं लावून घ्यायची. नाहीतर कुत्रं पलंगाखाली घुसतं आणि आपण बसतो हात चोळत. सिस्टरला याची इतकी सवय की कुत्र्यावरची नजर न हलवता ती डाव्या हाताने दार ओढून घ्यायची. नव्या माणसांना साहेब सांगायचे, हिचं बघून शिका.

त्या दिवशी तक्रार तिसऱ्या मजल्यावरची होती. खालच्या मजल्यावरच्या बाई तावातावाने बोलत होत्या. "दोन दिवस नुसता भुंकतोय हो! वरचे आजोबा गेले असतील मुलीकडे. मुक्या जिवाला कोंडून जायचं म्हणजे कमाल आहे!"

सिस्टरचं डोकंच फिरलं. किल्लीवाल्याने दार उघडलं. तांबडा कुत्रा समोरच, भुंकून भुंकून घसा बसलेला. तिने शिरस्त्याप्रमाणे आतल्या खोलीचं दार ओढलं. त्याबरोबर कुत्रा त्या दारावर धडका मारायला लागला.

"आत काय आहे याचं?" ड्रायव्हरने विचारलं.

"पलंग असेल. लाडावून ठेवलाय नुसता," म्हणत तिने काठीचा फास टाकला. चार मिनिटांत काम फत्ते. बाहेरच्या दारावर चिठ्ठी डकवली: कुत्रा कोंडवाड्यात आहे, घेऊन जावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांची मुलगी हातात प्रवासाची बॅग घेऊनच कोंडवाड्यावर आली. सिस्टर वाटच बघत होती. तिने मुलीला चांगलं फैलावर घेतलं. मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"पण बाबा कुठेत?"

"तुमच्याकडे गेलेत ना?"

"माझ्याकडे? दोन वर्षं ते जिना उतरलेले नाहीत! फोन उचलेनात म्हणून आले. बेल वाजवली, कुणी उघडेना. तुमची चिठ्ठी बघून वाटलं, तुम्हीच त्यांना दवाखान्यात नेलं असेल."

आजोबा कुठल्या दाराआड असतील, हे सिस्टरला कुणी सांगायची गरज नव्हती. कालपर्यंत मिरवलेला तो डावा हात तिला आपला वाटेना.

आतल्या खोलीत आजोबा पलंग आणि भिंतीच्या मध्ये पडलेले होते. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ फुटलेले, पण श्वास चालू होता. सिस्टरने नाडी धरली, ओल्या फडक्याने ओठ टिपले. वीस वर्षांचं सगळं आठवलं, एक दिवस उशिरा.

आजोबा वाचले. आठव्या दिवशी ती त्यांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली. माफी मागायला म्हणून आली होती.

"सिस्टर ना तुम्ही? मुलीने सांगितलं," आजोबा म्हणाले. "चेहरा नव्हता दिसला मला. हात दिसला होता. आवाज निघत नव्हता माझा, पण मनातल्या मनात कुत्र्याला म्हटलं, आता गप्प बस रे बाबा, आलं कुणीतरी."