कडक नस

नव्वदच्या आसपास मी जळगावात एका हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे ईसीजी काढायला होतो. त्यांच्या इंजिनियर मित्राने रक्तवाहिन्यांचा ताठरपणा मोजणारं यंत्र बनवलं होतं. ते खरं बोलतं की नाही, हे आम्हाला तपासायचं होतं. एक पट्टी मानेवर, दुसरी जांघेत. नाडीचा ठोका वरून खाली किती वेगाने जातो, ते यंत्र सांगायचं. डॉक्टर पाइपाचं उदाहरण द्यायचे, पाइपांच्या कारखान्यांच्या जळगावात ते कुणालाही कळतं: मऊ नळीतून धक्का रमतगमत जातो, कडक पाइपातून झटकन. ठोका जितका लवकर पोहोचेल तितकी वाहिनी म्हातारी.

काम कंटाळवाणं होतं. माणसाला दहा मिनिटं निजवायचं, चहा-बिडी बंद, शिंप्याच्या टेपने अंतर घ्यायचं. मग आधी मी मोजायचं, नंतर कंपाउंडरने, एकमेकांचे आकडे न बघता. दोघांचे जुळले तर यंत्र पास. कागदावर नाव नाही, नुसता नंबर. आणि माणसाला काही सांगायचं नाही, कारण यंत्रच अजून परीक्षेला बसलेलं. हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं.

माणसं कमी पडली म्हणून मी अमळनेरहून वडिलांना बोलावलं. आबा तेलाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ब्लडप्रेशरची गोळी रोज घ्यायचे आणि तिच्यावर चिडायचे. गोळीवर चालणारा माणूस म्हणजे टेकू लावलेली भिंत, असं त्यांचं म्हणणं. धोतर सैल करताना लाजले, मग छताकडे बघत पडून राहिले. आकडा आला तो तोवरचा सगळ्यात मोठा. कंपाउंडरचाही तोच. पुन्हा घेतला, पुन्हा तोच. मला आनंद झाला, हे लिहूनच टाकतो. बापाची वाहिनी किती बिघडली आहे ते समोर दिसत होतं, आणि मी यंत्रावर खूश होतो.

"काय निंघनं रे?" उठता उठता त्यांनी विचारलं.

"आबा, तुमनी नस भलती कडक शे," मी म्हणालो.

नियम मोडला तोही अर्धवट. आमच्याकडे चहा कडक, इस्त्री कडक, तरणाबांड गडी कडक. कडक म्हणजे वाईट, असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. आबा मिशीत हसले. मीही हसलो आणि पुढचा नंबर पुकारला.

आठ-नऊ महिन्यांनी ते सकाळी दाढी करताना कोसळले. मेंदूतली वाहिनी फुटली. मला रडू आलं नाही. दहाव्याला आलेल्या बायांना माय सांगत होती, "गोया तं त्यास्नी कव्हयच सोडी दिन्यात. मना पोऱ्यानी मशीनवर तपासं. नस कडक व्हती. मंग गोया कसाले?"

बाया माना हलवत होत्या. मी सतरंजीवर बसून होतो. आबांनी गोळ्या सोडल्याचं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी भात खाल्ला, आठवड्याने कामावर गेलो. आबांचा नंबर ठेवायचा का काढायचा, असं डॉक्टरांनी हळूच विचारलं. चांगला आकडा आहे, राहू द्या, असं मी सांगितलं. यंत्र पास झालं.

वर्षभराने माय जळगावला आली. तिला यंत्र बघायचं होतं. "मनी बी देख ना रे." नर्सने पट्ट्या लावल्या, मी आकडा वाचला. तिच्या वयाच्या मानाने वाहिनी उत्तम होती.

"कडक शे का?" तिने विचारलं.

"नही माय. मऊ शे."

तिचा चेहरा उतरला. पदर नीट करत म्हणाली, "मंग मनं काही खरं नही."

मऊ म्हणजे चांगलं, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की तिने लगेच आबांचं विचारलं असतं. मी तिला बसस्टँडवर नेलं आणि अमळनेरच्या गाडीत खिडकीजवळची जागा धरून दिली.