घसा बसलेले सर, दडे बसलेले साहेब

सहदेव हाटे सर पोलादपूरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांच्या हाताखालची पोरं मुंबईत पोस्टात, बँकेत चिकटली, एक पोरगी तर वकिलाचा काळा कोट घालून महाडच्या कोर्टात उभी राहू लागली. तरी सरांच्या मनात एक गोष्ट पक्की होती, की आपल्याला इंग्रजी येत नाही आणि हे अजून कुणाला कळलेलं नाही.

याचं मूळ त्यांच्या मुलाखतीत होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी इंग्रजीतून एक लांबलचक प्रश्न विचारला. सरांना ओ की ठो कळलं नाही. ते घाबरून ‘ऑफ कोर्स’ म्हणाले. अध्यक्ष प्रसन्न हसले आणि नोकरी लागली. तेव्हापासून आपली अख्खी नोकरी त्या ‘ऑफ कोर्स’वर उभी आहे, असं सर धरून चालले होते. दासगावच्या बौद्धवाडीतले ते पहिले बी.ए. वाडीत गेले की लोक औषधाच्या बाटल्या वाचायला पुढं करत. सर बरोबर वाचून दाखवत, घरी येऊन डिक्शनरी उघडत, आणि अर्थ जुळला की म्हणत, “वाचलो.”

अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीत हेडमास्तरांनी सांगितलं, की तपासणीला टिपणीस साहेब येणार आहेत. इंग्रजीत एम.ए. आहेत, तास बघतील आणि मग सरांशी इंग्रजीतच बोलतील. सरांची भाकरी घशाखाली उतरेना. त्यावरूनच त्यांना युक्ती सुचली. घसाच बसवायचा.

आधी त्यांनी मूठभर चिंच खाल्ली, वर थंडगार ताक प्यायलं. मग सावित्री नदीच्या काठी जाऊन समोरच्या डोंगराकडं तोंड करून जीव खाऊन ओरडले. पलीकडं गुरं राखणाऱ्या धोंडूला वाटलं, आपल्यालाच हाक आली. तो बिचारा गुडघाभर पाण्यातून अलीकडं आला आणि काय काम हाय म्हणून विचारू लागला. काही काम नाही, हे सरांनी त्याला सांगितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आवाज बसायच्या ऐवजी चांगला मोकळा झालाय.

घरी बायको शकू मशीनवर पोलकं शिवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“नाय बसला तर नाय बसला,” ती म्हणाली. “मफलर बांधा नि हातवारे करा. तुमच्या घशात वाकून कोण बघतोय?”

तपासणीच्या दिवशी सर मफलर गुंडाळून, गळ्याला हळद फासून शाळेत गेले. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. तेवढ्यात जीप आली. टिपणीस साहेब उतरले, तर त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे. घाट उतरताना दडे बसले, काही म्हणता काही ऐकू येत नाही, असं त्यांनी सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. तपासणी मात्र होणारच, म्हणाले.

असा इंग्रजीचा तास त्या शाळेत कधी झाला नव्हता. सरांनी फळ्यावर ‘ही गोज’ लिहिलं आणि स्वतः दारापर्यंत चालून दाखवलं. साहेबांनी मान डोलावली. सरांनी ‘ही सिट्स’ लिहिलं आणि ते बसले. साहेबांनी पुन्हा मान डोलावली. दोघंही फार समाधानात होते.

तेवढ्यात छपरावर वानरांची टोळी उतरली. साहेबांच्या खुर्चीच्या बरोबर वर एक कौल सरकू लागलं.

“सर, गेट अप! द टाइल इज फॉलिंग!” हाटे सर ओरडले.

‘गेट अप’लाच साहेब टुणकन उठून खिडकीपाशी पोचले होते. कौल खुर्चीत पडून फुटलं. एकाचा घसा आणि दुसऱ्याचे कान एकाच क्षणी बरे झालेले बघून हेडमास्तर नारळ आणायला धावले.

दुपारी दोघं हमरस्त्यावरच्या हॉटेलात चहाला बसले. मग साहेबांनी कानातला कापूस काढून बशीत ठेवला.

“हाटे, मी प्रत्येक शाळेच्या पायरीवर घाबरतो,” ते म्हणाले. “वाटतं, इथला मास्तर मला आज पकडणार. मागच्या शाळेत मी दाढ धरून बसलो होतो.”

सरांनी त्यांना ‘ऑफ कोर्स’ची गोष्ट सांगितली. ती त्यांनी शकूखेरीज कुणालाच सांगितली नव्हती. साहेब इतके हसले, की चहा नाकातून आला. मग ते म्हणाले, “माझ्या मेहुण्याला इंग्रजी अजिबात येत नाही. तो कधीच घाबरत नाही. दिवसभर फाडफाड बोलतो.”

चालत घरी जाईपर्यंत सर यावरच विचार करत होते. ज्याला येत नाही तो घाबरत नसेल, तर आपण एवढे घाबरतो म्हणजे आपल्याला थोडंफार येत असावं, असं त्यांनी बेतानं ठरवलं.

पुढच्या सोमवारी नीला नावाच्या मुलीनं एका शब्दाचा अर्थ विचारला. एरवी सर म्हणाले असते, तो पुढच्या इयत्तेत आहे. त्या दिवशी त्यांनी ‘मला माहीत नाही’ म्हणून सांगितलं आणि सगळ्यांसमोर डिक्शनरी उघडली. नीलानं अर्थ लिहून घेतला आणि लगेच दुसरा शब्द विचारला. आणखी काहीच झालं नाही.

भीती मुळासकट गेली, असं मात्र नाही. काही वर्षांनी त्यांनाच हेडमास्तर केलं, तेव्हा पहिल्या सकाळी ते अंघोळ करून खाटेवर बसून राहिले. संस्थेची काहीतरी चूक झालीय, म्हणू लागले.

“झाली असंल,” शकू म्हणाली. “त्यांच्या ध्यानात येईपरेंत शाळा तरी उघडा. चावी तुमच्याकडं हाय, पोरं भायेर उनात उभी हायत.”