लिंबापाशी वळा

माझ्या पुतण्याइतका चिकित्सक माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नाही. असलाच तर त्याची बायको केव्हाच माहेरी गेली असेल. हा कॉम्प्युटरवाला. पुण्याची नोकरी रानातल्या घरात, आमच्या आखाड्यावर बसून करतो आणि उरलेल्या वेळात सगळं शिवार एका वेबसाइटीत भरतो. अँब्युलन्सला थेट आखाड्याच्या दारात आणणारी वेबसाइट. त्यासाठी म्हणे आधी प्रत्येक वस्तूचा साचा ठरवायचा. त्याला तो मॉडेल म्हणतो. विहीर म्हणजे ठिपका, पांदण म्हणजे रेघ, वावर म्हणजे बंद आकृती. एकदा भाकर मोडता मोडता थांबून म्हणाला, "मोठ्याई, गोठा ठिपका का आकृती?" मी म्हटलं, "म्हशीला इचार." तर ताट सोडून टेप घेऊन निघाला! पहिल्यांदा त्यानं अक्षांश-रेखांश उलटे भरले, तर आमचा आखाडा उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडला. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे बाबा, उन्हाळा तितंच काढू."

हसते खरी, पण या वेडाचं मूळ मी. सहा वर्षांमागं त्याच्या आईला, माझ्या धाकट्या जावेला, कापूस वेचताना पान लागलं. सापाचं नाव आमच्याकडं घेत नाहीत. अँब्युलन्सला फोन मी केला. तेव्हा मी तरणीच, चौसष्टची, अन् अकलेनं साऱ्या तालुक्याला पुरून उरणारी. ड्रायव्हर पत्ता विचारतो तर त्याच्यावरच खेकसले, "ताडकळसकडून या अन् लिंबापाशी वळा. लिंब कुणालाबी ठाव हाय!" ते कडुलिंबाचं झाड आदल्या सालच्या पावसाळ्यात पडलं होतं. त्याचं सरपण मीच वर्षभर चुलीत घातलं होतं. गाडी पुढच्या गावाला जाऊन परत फिरली, तोवर जाऊ माझ्या मांडीवर गार झाली होती.

पुतण्या त्यावरून मला कधी एक शब्द बोलला नाही. परवा मात्र म्हणाला, "मोठ्याई, लिंब नेमका कुठं होता?"

"राख झालेल्या झाडाला कशाला ठिपका?"

"लोकं अजून त्याच्यावरूनच पत्ता सांगायलेत. मी येगळा रकाना केलाय, आता हाय का न्हाई म्हणून."

रस्त्यापर्यंत चालत गेलो. जागा मला डोळे मिटून सापडली. "हलू नको," म्हणत तो मोबाईल धरून वाकला. नाव, लिंब. आता आहे का, नाही. "झालं, चल," म्हणाला.

मी हलले नाही. त्या दिवशी फोन ठेवून मी इथंच येऊन उभं राहायला हवं होतं.