चढावरची मूर्ती

आक्काच्या गावच्या विहाराची मूर्ती माझ्या पिकअपमधून न्यायची नव्हतीच. तिच्यासाठी ट्रक ठरला होता. प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रकवाल्यानं निरोप पाठवला की इंजिन खोललंय, जमणार नाही. आणि थोड्या वेळात आक्काचे मालक, म्हणजे आमचे दाजी, शिवाजी पेठेत माझ्या खोलीसमोर येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवसाची सगळी तयारी झाली होती. बाहेरगावाहून भंतेजी येणार होते, मंडप घातला होता, स्वयंपाकाचं सामान भरलं होतं. बुद्धमूर्ती मात्र अजून कोल्हापुरातच, पाथरवटाच्या शेडमध्ये होती.

माझी पिकअप वडिलांनी एका ठेकेदाराकडून घेतली तेव्हाच जुनी होती. लांब नाक, गोल दिवे, आणि थंडीत हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे. तिचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले होते, ते मी लेथवर करून घ्यायचो. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. नव्वद सालानंतरची ती वर्षं मी तिच्यावर सूत, सिमेंट, फरशा, लग्नाची भांडी असं काय वाट्टेल ते वाहत होतो. टनभर ओझं ती कशीबशी ओढायची. मूर्ती त्याच्या दीडपट तरी होती. मी दाजींना तसं स्पष्ट सांगितलं. ते वाद घालायला लागले नाहीत. म्हणाले, दुसऱ्या तीन ठिकाणी विचारून आलोय, ऊस चालू आहे, कुणाचीच गाडी मोकळी नाही. मग खाली बघत बोलले, "तू बी न्हाय म्हणालास तर मी म्हाताऱ्याला काय सांगू?"

म्हातारा म्हणजे त्यांचे वडील. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. विहार आणि मूर्ती हे सगळं त्यांनीच लावून धरलेलं. तरुणपणी छप्पन साली त्यांना नागपूरला जायचं होतं, पण ते ज्याच्या गुऱ्हाळावर कामाला होते त्यानं सोडलं नाही. पुढं गावातच दीक्षा घेतली, पण ती चुकलेली वाट त्यांच्या मनातून कधी गेली नाही. मी चावी घेतली.

पाथरवटाच्या शेडमध्ये चेनपुलीनं मूर्ती उचलून हौद्यात ठेवली तेव्हा गाडी हळूच खाली बसली आणि बसतच गेली. काळ्या दगडाची, बैठी, माझ्या छातीएवढी उंच. चारी बाजूंनी वाळूची पोती लावली, दोर आवळले. मागं दाजी आणि गावची दोन माणसं बसली. नाक वर झाल्यामुळं स्टिअरिंग इतकं हलकं झालं होतं की गाडी माझ्या हातात आहे असं वाटतच नव्हतं.

कबनूरला पाणी घालायला थांबलो. ओळखीच्या यंत्रमागाच्या शेडमधून एक जण बादली घेऊन आला, चाकांकडं वाकून बघितलं आणि म्हणाला, "पावणं, पाटं उलटं झाल्यात की." मला दिसत होतं. स्प्रिंगच्या वाकलेल्या पाट्यांचं तिथं मी काय करणार होतो? पाणी घातलं आणि निघालो.

नृसिंहवाडी मागं टाकून नदीचा पूल ओलांडला की गावाकडं जाणारा एक चढ लागतो. मोकळ्या गाडीला तो चढ कळतसुद्धा नाही. मी पहिल्या गिअरमध्ये घातली, इंजिन निम्म्यापर्यंत ओढत राहिलं आणि गप्प झालं. गाडी मागं सरकायला लागली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. मागच्यांनी उड्या टाकून चाकामागं दगड सारले. तेवढ्यात खालून बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडी डावीकडं कलंडून थांबली. पाटा तुटला होता. हौदा चाकाला घासत होता, त्यामुळं माणसांनी ढकलून ती आता वर जाणार नव्हती.

हँडब्रेक धरत नव्हता. रस्ता खडीचा, दगड कुणाचा धक्का लागला की कचकन घसरायचे. त्यामुळं ब्रेकवरचा पाय काढायचा नाही एवढं एकच काम माझ्याकडं उरलं. बाकी सगळं माझ्या पाठीमागं चाललं होतं. आरसा तडकलेला होता, त्यात फक्त मूर्तीचा खांदा आणि आभाळ दिसायचं.

गावात कळलं तशी वस्तीतली माणसं चढावर आली. बायका पांढऱ्या साड्या उद्याला इस्त्री करून ठेवायच्या सोडून तशाच आल्या होत्या. आक्का खिडकीशी आली, माझ्याकडं बघितलं, पाणी दिलं आणि मागं गेली. उसाचा एक ट्रॅक्टर आला. दाजींनी त्याला हात करून गाडी ओढून द्यायला सांगितलं. तो म्हणाला, आता थांबलो तर कारखान्यावरचा नंबर जाईल, ट्रॉल्या रिकाम्या करून येतो. तो गेला. येतो म्हणणाऱ्यांची आम्हाला सवय होती, कुणी त्याच्या वाटेकडं बघत बसलं नाही.

मग मामा आले. पलीकडचं दार उघडून माझ्या शेजारी बसले. मी म्हणालो, "मामा, उतरा खाली. पाय निसटला तर गाडी नदीतच जाईल."

"जाऊ दे की," ते म्हणाले. "तू एकटा कशाला बसतूस."

मी पुन्हा पुन्हा सांगितलं. ते उतरले नाहीत. हात गुडघ्यावर ठेवून समोर बघत बसले. मूर्तीविषयी त्यांनी एक शब्द विचारला नाही. ब्रेकवरचा पाय निसटू नये म्हणून मी गुडघ्यावर हात दाबून धरला.

शेवटी मूर्ती तिथंच उतरवायचं ठरलं. सगळा भार हौद्याच्या मागच्या टोकाला सरकलेला, गाडी कोणत्याही क्षणी जाईल अशी; दुसरा इलाज नव्हता. हौद्याचा मागचा फाळका सोडून फळ्या लावल्या. आधीच चढ, त्यात त्या फळ्यांचा उतार. मला दाजींचा आवाज ऐकू येत होता, दोर हळू सोडा, हळू सोडा. मग फळीचा कर्र आवाज. कुणीतरी बाजूला व्हा म्हणालं. आणि माझ्याखालची सीट वर आली. एवढा वेळ दबलेली गाडी एकदम वर उचलली गेली, तेव्हाच मला कळलं की मूर्ती गेली. त्यानंतर धप्प असा आवाज.

आता दगड धरत होते. मी पाय काढला आणि दाराला धरून खाली उतरलो. मूर्ती रस्त्याच्या कडेला मातीत उताणी पडली होती. चेहऱ्याला ओरखडाही नव्हता. उजव्या हाताची बोटं तुटली होती. कुणाला लागलं नव्हतं, ते मी दोनदा विचारून घेतलं.

मामा वाकले, मातीतून बोटांचे तुकडे वेचले आणि डोक्याचा पटका सोडून त्यात बांधले. "आधी बसती करा," एवढंच म्हणाले. सगळ्यांनी हात लावले. अंधार पडेपर्यंत लावले. ती जागची हलली नाही. शेवटी आक्कानं घरातली धुतलेली चादर आणून मूर्तीवर घातली आणि आम्ही वर गेलो. त्या दिवशी मी जेवलो नाही. आक्कानं आग्रहही केला नाही.

सकाळी तो उसाचा ट्रॅक्टरवाला आला. कारखान्यावर रात्रभर नंबरच लागला नव्हता, तिथून थेट आला होता. त्यानं जॅक, साखळ्या, रिकामी ट्रॉली, सोबत दोन माणसं आणली होती. मूर्ती उठवून विहारापर्यंत नेली आणि चहा पिऊन निघून गेला. तोवर भंतेजी आले होते. त्यांनी हात बघितला, म्हणाले, दुरुस्त होऊ दे, मग करू. त्या दिवशी प्रतिष्ठापना झाली नाही आणि त्यांना पुढं दुसऱ्या गावाला जायचं होतं, ते निघाले. आसपासच्या गावांतून आलेली माणसं मंडपात जेवली आणि परत गेली. मामा प्रत्येकाला वेशीपर्यंत पोचवायला जात होते.

पाथरवटानं महिनाभरानं येऊन बोटं बसवली. सांधा दिसतो. प्रतिष्ठापना मग एका रविवारी झाली, वस्तीतल्या माणसांपुरती. पिकअप गॅरेजात होती, म्हणून मी एसटीनं गेलो. मामांनी मेणबत्ती लावायला मला पुढं बोलावलं. मी मान हलवून नको म्हणालो आणि दारापाशीच उभा राहिलो. त्यांनी परत बोलावलं नाही. त्रिशरण सुरू झालं तेव्हा ते पुढची जागा सोडून मागं आले आणि हात जोडून माझ्या शेजारी उभे राहिले.